जपानी लाव्हे घरी पाळताना: पिंजऱ्यापासून पातेल्यापर्यंतचा क्रम

शाळा-कॉलेज सांभाळून स्वतःच्या हाताने काही पाळावे आणि त्याचेच घरी रांधून खावे, अशी हौस असणाऱ्या मुलामुलींना जपानी लाव्हा सोयीचा पडतो. त्याला जागा थोडी लागते, तो पाच आठवड्यांत खाण्याजोगा होतो आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी अंड्यावर येते. बाजारात याच पक्ष्याला बटेर किंवा क्वेल म्हणतात. मात्र पहिल्या खेपेला बहुतेकांची निम्मी पिल्ले आठवडाभरात मरतात, आणि चौकशी केली की तेच ते कारण निघते: पिल्ले आधी घरात आलेली असतात आणि ऊब, खाद्य, पिंजरा यांची शोधाशोध नंतर सुरू झालेली असते. या पक्ष्याच्या बाबतीत चूक आज घडते आणि तिचा परिणाम तीन दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी दिसतो. तो दिसेपर्यंत दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नये. येथील सगळी मापे वीस पक्ष्यांसाठी आहेत आणि पहिल्या खेपेला त्याहून जास्त पक्षी घेऊ नयेत.

## टप्पा १: पैसे देण्यापूर्वी ठरवायच्या गोष्टी

शेतातल्या, माळावरच्या रानलाव्ह्यांना, लावऱ्यांना किंवा तित्तरांना फासे लावून पकडणे, त्यांची अंडी उचलणे आणि त्यांना घरी ठेवणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. पाळण्यासाठी चालतो तो फक्त उबवणी केंद्रात पिढ्यान्पिढ्या वाढवलेला जपानी लाव्हा. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याच्या अंड्यांसाठी आणि मांसासाठी वेगवेगळ्या जाती तयार केल्या आहेत, आणि खरेदी करताना आपल्याला नेमकी कोणती हवी हे विचारून घ्यावे. अंडी किंवा पिल्ले घेताना पावती मागावी व ती जपून ठेवावी, कारण कोणी आक्षेप घेतलाच तर पक्षी कोठून आले हे दाखवायला दुसरे काही हाताशी नसते.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा आहे. पूर्ण वाढलेला नर पहाटे कर्कश, तुटक आवाज काढतो आणि तो भिंतीपलीकडे स्पष्ट ऐकू जातो. सदनिकेत राहत असाल तर सोसायटीला, गावात असाल तर शेजारच्या घराला आधी विचारावे. घरात मांसाहार होत नसेल, तर कापणी आणि स्वयंपाक कोठे होणार हेही आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. वेगळे पातेले आणि अंगणातली चूल एवढ्यावर पुष्कळ घरांत तोडगा निघतो, पण तो पक्षी आणल्यानंतर काढायला गेले की भांडण होते.

तिसरा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे. हाताने वाढवलेला पक्षी कापणे आपल्याला जमेल का? जमणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. फक्त अंड्यांसाठी पक्षी पाळणे हाही पुरेसा उद्योग आहे. परंतु हा निर्णय पाचव्या आठवड्यावर ढकलला, तर पिंजऱ्यात नरांची गर्दी होते आणि ते एकमेकांना फाडतात.

खाद्याचा हिशोब वहीत मांडावा. पाच आठवडे वयापर्यंत एक पक्षी साधारण अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम खाद्य खातो, म्हणजे वीस पक्ष्यांना दहा ते बारा किलो लागते. मोठा झालेला पक्षी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम खातो, म्हणजे वीस पक्ष्यांना महिन्याला १५ ते १८ किलो. आपल्या खाऊच्या पैशांतून एवढे निघत नसेल तर पक्ष्यांची संख्या कमी करावी. खाद्यात काटकसर करू नये.

तपासणी: पावती देणारा विक्रेता, घरच्यांचा होकार आणि दोन महिन्यांच्या खाद्याचे पैसे या तिन्ही गोष्टी हाती असल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा २: पिंजरा

वीस मोठ्या पक्ष्यांना चार फूट लांब व दोन फूट रुंद पिंजरा ऐसपैस होतो. त्याच्या मध्ये काढता येणारा पडदा ठेवावा, म्हणजे पुढे नर वेगळे करता येतात. उंची दहा इंचांपेक्षा फारशी जास्त ठेवू नये. अनेकांना हे क्रूर वाटते आणि ते दोन फूट उंचीचा पिंजरा बनवतात. पण लाव्हा दचकला की सरळ वर उसळतो, आणि दोन फुटांत त्याला छतावर डोके फोडून घेण्याइतका वेग मिळतो. छताच्या आतल्या बाजूने गोणपाट ताणून बांधल्यास उरलेला धोकाही कमी होतो.

जाळी वेल्डमेशची, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची घ्यावी. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त मिळते, पण तिच्यातून मांजराचा पंजा आत जातो, उंदीर सहज शिरतो आणि मुंगुसाला तर ती फाडताही येते. जाळी कापल्यावर टोके बाहेरच्या बाजूला वळवून कानशीने घासावीत, अन्यथा तळपायाला जखमा होतात आणि पक्षी लंगडू लागल्यावर आपण आजार शोधत बसतो. तळाला पुढच्या बाजूने किंचित उतार द्यावा, म्हणजे अंडी घरंगळत पुढे येतात आणि पायाखाली फुटत नाहीत. तळाखाली पत्र्याचा ट्रे ठेवून त्यात राख किंवा भाताचे तूस पसरावे.

पिंजऱ्याचे चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवावेत. दुधाच्या जाळीच्या कपाटाला आजी जे करायची तेच हे, आणि लाल मुंग्यांपासून पिल्ले वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला सापडलेला नाही. वाट्यांतील पाणी दर दोन दिवसांनी बदलावे, नाहीतर त्यात डास होतात.

जागा निवडताना पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारी झड आणि उन्हाळ्यात दुपारी येणारी तिरीप या दोन्हींचा विचार करावा. विदर्भात मे महिन्यात पिंजऱ्याभोवती ओले गोणपाट लटकवावे लागते, तर कोकणात जुलैमध्ये तेच गोणपाट बुरशी धरते.

खबरदारी: पिंजरा रंगवायचा असेल तर पक्षी येण्याच्या किमान दोन आठवडे आधी रंगवावा. वास पूर्ण गेल्याशिवाय पक्षी आत सोडू नयेत.

## टप्पा ३: उबेची पेटी, आणि तिची एक दिवसाची चाचणी

पिल्लू अंड्यातून निघते तेव्हा त्याचे वजन सात ते नऊ ग्रॅम असते. एवढ्या लहान जिवाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट उंच खोका पुरतो. त्याला एक सेंटिमीटरपेक्षा मोठी फट असू नये, कारण पिल्ले तिच्यातून निसटतात आणि थंडीने मरतात.

ऊब देण्यासाठी तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही, आणि ही साधी गोष्ट लक्षात न आल्यामुळे दरवर्षी कितीतरी पिल्ले लख्ख उजेडात गारठून मरतात. साठ वॅटचा एक बल्ब लावण्याऐवजी चाळीस वॅटचे दोन लावावेत, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. बल्ब त्याच्या स्वतःच्या वायरीवर न लटकवता वेगळ्या तारेने घट्ट बांधावा आणि पेटीच्या एका बाजूला ठेवावा. मध्यभागी ठेवल्यास पिल्लांना उष्णतेपासून दूर जायला जागा उरत नाही.

तळाला भाताचे तूस दोन इंच पसरून त्यावर पहिले चार-पाच दिवस गोणपाटाचा तुकडा अंथरावा. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये. माझ्या पहिल्या खेपेत मी हेच केले होते. तिसऱ्या दिवशी चौदापैकी पाच पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकले, आणि मी खाद्यात जीवनसत्त्व कमी पडले असे समजून औषध आणायला धावलो. घसरणाऱ्या कागदावर उभे राहताना त्यांचे सांधे सुटले होते, त्यावर औषधाचा काही उपयोग नव्हता.

पिल्ले येण्याआधी ही पेटी पूर्ण चोवीस तास चालवून पाहावी. तापमापक पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा आणि पहाटे चार वाजताचे तापमान आवर्जून बघावे, कारण दुपारी बरोबर असलेली पेटी पहाटे पाच-सहा अंशांनी उतरलेली असते. बल्बखाली ३५ ते ३७ अंश सेल्सिअस आणि दूरच्या कोपऱ्यात त्यापेक्षा चार-पाच अंश कमी, असा फरक मिळायला हवा.

खबरदारी: भारनियमनाच्या वेळी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने पिल्लांसोबत माणसेही मरू शकतात. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून पेटीत ठेवाव्यात आणि दर दीड तासाने बदलाव्यात.

## टप्पा ४: उबवण

ज्यांना एक दिवसाची पिल्ले मिळतात त्यांनी हा टप्पा सोडून द्यावा. पहिल्या खेपेला मी तोच सल्ला देईन. ज्यांना अंड्यापासूनच सुरुवात करायची आहे, त्यांनी चाळीस अंडी घ्यावीत आणि प्रवासातून आलेल्या अंड्यांपैकी निम्म्यांतून पिल्ले निघाली तर समाधान मानावे.

दुकानात डबीतून मिळणारी लाव्ह्याची अंडी उबवायला घेऊ नयेत, कारण ती बहुधा नराशिवाय ठेवलेल्या माद्यांची असतात आणि शीतकपाटात राहिलेली असतात. पाळीव जपानी मादीही अंड्यांवर बसत नाही. ती सवय तिच्यात उरलेली नाही. खुडूक गावठी कोंबडीखाली अंडी ठेवण्याचा मोह होतो, पण दहा ग्रॅमचे अंडे तिच्या वजनाखाली पुष्कळदा चेपते. तेव्हा लहान उबवणी यंत्र लागतेच.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी असू नयेत. ती धुऊ नयेत, कारण कवचावरचा संरक्षक थर त्यामुळे निघतो. प्रवासातून आल्यावर टोकदार बाजू खाली करून अंडी बारा ते चोवीस तास खोलीत स्थिर ठेवावीत. या काळात यंत्र रिकामे चालू ठेवून तापमान स्थिर करावे. पंखा असलेल्या यंत्रात ते ३७.५ अंश असावे. पंखा नसल्यास अंड्यांच्या वरच्या पातळीवर ३८.५ अंशांच्या आसपास ठेवावे.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढावा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा, अंडी फिरवावीत, जेणेकरून रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जाणार नाही. आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवावी. चौदा दिवस पूर्ण झाले की फिरवणे थांबवावे, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावी आणि त्यानंतर झाकण उघडू नये. अंडी ठेवली तो दिवस शून्य धरायचा असतो. रविवारी संध्याकाळी ठेवलेली अंडी तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळपासून फुटू लागतात. जे रविवारालाच पहिला दिवस म्हणतात त्यांना अंडी 'उशिरा' फुटल्यासारखी वाटतात आणि ते धीर सोडून झाकण उघडतात.

एकदा झाकण उघडले की आतली वाफ बाहेर जाते, कवचाखालचा पडदा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि पिल्लू अर्धवट फोडलेल्या कवचात अडकते. मग त्याला सोलून बाहेर काढण्याचा प्रयत्न होतो आणि रक्तस्राव होतो. जे पिल्लू स्वतः बाहेर येते ते पोटातल्या पिवळ्या बलकावर एक दिवस सहज काढते, म्हणून अंग पूर्ण वाळेपर्यंत त्याला यंत्रातच राहू द्यावे.

तपासणी: पहिले पिल्लू निघण्याआधीच टप्पा ३ मधील पेटी गरम आहे ना, हे बघून घ्यावे.

## टप्पा ५: पहिले चौदा दिवस

पेटीत सोडताना आधी पाणी द्यावे आणि दोन तासांनी खाद्य द्यावे. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्याला टेकवावी. पाण्याचे भांडे अगदी उथळ असावे आणि त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे भरावेत, कारण बोटभर खोल पाण्यातही ही पिल्ले बुडून मरतात. पाणी कोमट असावे आणि दिवसातून दोनदा बदलावे.

खाद्याबाबत सर्वात मोठी चूक होते ती तांदळाची कणी देण्याची. लाव्ह्याच्या पिल्लाला पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे २५ टक्के प्रथिने लागतात. कणीत त्याच्या एक तृतीयांशही नसतात. तालुक्याच्या दुकानात लाव्ह्याचे वेगळे खाद्य क्वचितच मिळते. अशा वेळी ब्रॉयलर कोंबडीचे प्री-स्टार्टर, म्हणजे अगदी लहान पिल्लांसाठीचे खाद्य नऊ भाग आणि तेल काढलेली सोयाबीन पेंड एक भाग असे मिसळावे, आणि मिक्सरमधून रव्याइतके बारीक करून घ्यावे. कच्चे सोयाबीन दळून घालू नये, त्यातील घटक पचनाला अडथळा करतात. पोत्यावर औषध मिसळल्याचा उल्लेख असेल, तर ते लाव्ह्यांना चालते का हे पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय वापरू नये.

ऊब किती ठेवायची याचे कोष्टक सोपे आहे: पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ अंश आणि त्यानंतर दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, चौथ्या आठवड्यात खोलीच्या तापमानापर्यंत. पण तापमापकापेक्षा पिल्ले जास्त खरे सांगतात. ती बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग करत असतील आणि चिवचिवाट चढ्या आवाजात असेल, तर ऊब कमी आहे. ती कडेला पांगून चोच उघडी ठेवत असतील, तर ऊब जास्त आहे. सगळी एकाच कोपऱ्यात जमत असतील, तर दुसरीकडून वारा येतो आहे. काही बल्बखाली, काही खाद्याजवळ, काही पाय पसरून झोपलेली अशी विखुरलेली दिसली की समजावे, पेटी बरोबर आहे. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे एकदा असे दोनदा बघणे पहिला आठवडाभर चुकवू नये. परीक्षेच्या आठवड्यात पिल्ले आणू नयेत, हे त्याच कारणासाठी.

गुदद्वाराला विष्ठा चिकटून ते बंद झाले असेल, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळूहळू मऊ करून काढावे. ओढून काढू नये.

खबरदारी: मेलेले पिल्लू ताबडतोब पेटीतून काढावे आणि तारीख, वय व दिसलेली लक्षणे वहीत लिहावीत. तीन-चार नोंदी एकमेकींच्या शेजारी आल्या की कारण बहुधा आपोआप दिसते.

## टप्पा ६: तिसऱ्या आठवड्यापासून अंड्यापर्यंत

तिसऱ्या आठवड्यात छातीची पिसे पाहून नर-मादी ओळखता येतात. नराची छाती एकसारख्या विटकरी रंगाची असते, मादीच्या छातीवर फिकट रंगावर काळे ठिपके असतात. पांढऱ्या पिसांच्या जातीत ही खूण चालत नाही. तिथे सहाव्या आठवड्यापर्यंत थांबून शेपटीखालची ग्रंथी हलकेच दाबावी, नर असेल तर पांढरा फेस येतो.

ओळख पटताच नर पडद्यापलीकडे हलवावेत. तीन माद्यांमागे एक नर पुरतो आणि अंडी फक्त खाण्यासाठी हवी असतील, तर एकही नर लागत नाही. जास्तीचे नर एकत्र राहिले की माद्यांच्या डोक्यावरची पिसे आणि पुढे कातडीही जाते. चोची मारण्याचे प्रकार दिसले, तर गर्दी, प्रखर उजेड आणि खाद्यातील कमी प्रथिने ही तीन कारणे या क्रमाने तपासावीत. जखमी पक्षी लगेच वेगळा काढावा, कारण रक्त दिसले की बाकीचे थांबत नाहीत.

अंड्यांसाठी ठेवलेल्या माद्यांना दिवसाचा आणि दिव्याचा मिळून चौदा ते सोळा तास उजेड लागतो. हिवाळ्यात अंडी थांबली की लोक खाद्य बदलतात, तेव्हा खरे तर संध्याकाळी तीन तास लहान दिवा लावायचा असतो. इथे मात्र एलईडी चालतो. खाद्यासाठी कोंबडीचे लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य नऊ भाग आणि सोयाबीन पेंड एक भाग हे प्रमाण साधारण वीस टक्के प्रथिनांच्या जवळ जाते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा, ज्या मादीला हवा ती खाते.

अंडी शोधायची वेळही चुकते. कोंबडी सकाळी अंडे देते म्हणून सगळे सकाळी पाहतात, पण लाव्ह्याची मादी बहुधा दुपार कलल्यावर ते संध्याकाळपर्यंत अंडे घालते. त्यामुळे अंडी रात्री झोपण्यापूर्वी गोळा करावीत. ठिपक्यांशिवाय पांढुरके अंडे अधूनमधून आले तर घाबरू नये, मात्र रोज येऊ लागले तर पक्षी कशाने तरी दचकत आहेत का ते पाहावे. रात्री पिंजऱ्याभोवती फिरणारे मांजर हे नेहमीचे कारण असते.

विष्ठा ताजी असताना झाडांना घालू नये, मुळे जळतात. वाळलेला पाला मिसळून दोन-तीन महिने कुजवल्यास ती कुंड्यांसाठी उत्तम खत होते.

आरोग्याबद्दल थोडे कडक शब्दांत लिहिणे भाग आहे. पक्ष्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला, मोबाइलला किंवा स्वयंपाकाच्या भांड्याला हात लावू नये. लाव्हे आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत. प्रतिजैविके स्वतःच्या मनाने पाण्यात घालू नयेत. एकाच दिवसात अनेक पक्षी अचानक मेले, तर ते खाऊ नयेत, उघड्यावर टाकू नयेत, कोणाला विकू नयेत आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा मोठ्या कुक्कुटशाळांसोबत परसातील पक्षीही नष्ट करावे लागले होते. परसात वीसच पक्षी आहेत म्हणून हा नियम सैल होत नाही.

## टप्पा ७: कापणी आणि मांस मुरवणे

पाच ते सहा आठवड्यांचे, साधारण दोनशे ग्रॅम वजनाचे नर आधी घ्यावेत. चार तास आधी खाद्य काढावे, पाणी राहू द्यावे. पोट रिकामे असले की मांस घाण होत नाही. पहिल्या वेळी हे काम जाणत्या माणसाच्या सोबतीने करावे आणि स्वतः करण्याआधी एकदा पाहावे. पक्षी संध्याकाळच्या मंद उजेडात शांत असतो. त्याला दोन्ही हातांनी पंखांसह घट्ट पण न आवळता धरावे, इतर पक्ष्यांपासून दूर न्यावे आणि अतिशय धारदार सुरीने एका झटक्यात काम संपवावे. बोथट सुरी ही या टप्प्यातील सर्वात वाईट चूक आहे, कारण तिची किंमत पक्ष्याला मोजावी लागते.

रक्त पूर्ण निथळू द्यावे. कोंबडीसारखे उकळत्या पाण्यात बुडवल्यास लाव्ह्याची पातळ कातडी शिजून फाटते, त्यामुळे घरी पिसांसह कातडीच सोलून काढणे सोपे जाते. कातडीसह हवे असेल, तर पाणी ५५ अंशांपुढे जाऊ देऊ नये आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बुडवू नये. आतडी काढताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. फुटलीच तर तेवढा भाग कापून टाकावा.

साफ केलेला पक्षी थंड पाण्यात गार करून झाकलेल्या डब्यात शीतकपाटात आठ ते बारा तास ठेवावा. हा वेळ जवळजवळ सगळे वाचवू पाहतात. कापल्यावर तासाभरात स्नायू आखडतात आणि त्या अवस्थेत शिजवलेले मांस चिवट लागते, मग कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या जातात आणि चिवट मांस चिवटही राहते आणि कोरडेही होते. म्हणून संध्याकाळी कापावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शिजवावे.

## टप्पा ८: रस्सा

सहा पक्षी, म्हणजे साफ केल्यावर साधारण आठशे ग्रॅम मांस, चार जणांना पुरते. प्रत्येक पक्ष्याचे दोन भाग करावेत. याहून लहान तुकडे केल्यास हाडांच्या किरचा रश्शात येतात. अर्धा चमचा हळद, दीड चमचा मीठ आणि आले, लसूण, कोथिंबीर यांचे दोन मोठे चमचे वाटण चोळून तासभर ठेवावे.

वाटणाचे जिन्नस एकाच कढईत एकदम टाकू नयेत. आधी एक-एक चमचा खसखस, तीळ आणि धणे कोरडे भाजावेत, मग चार लवंगा, सहा मिरे, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि थोडे दगडफूल. त्यानंतर अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे तांबूस करावे. शेवटी थोड्या तेलावर तीन मध्यम कांदे उभे चिरून चांगले तपकिरी होईपर्यंत परतावेत. खसखस आणि कांदा एकत्र भाजला की एक करपते आणि दुसरा कच्चा राहतो. रस्सा कडू का झाला याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच असते. सगळे थंड झाल्यावर पाणी घालून गंधासारखे बारीक वाटावे.

पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवून आच मंद करावी आणि मगच दोन चमचे कांदा-लसूण मसाला घालावा. कडकडीत तेलात तो क्षणात काळा पडतो. लगेच मांस घालून पाच मिनिटे परतावे, वर खोलगट ताट झाकून ताटात पाणी ओतावे आणि अंगच्या रसात आठ मिनिटे वाफ आणावी. मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परतावे, ताटातले तेच गरम पाणी आणि वर आणखी तीन-चार वाट्या कढत पाणी घालावे आणि मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे उकळावे. गार पाणी ओतल्यास तर्री बसते आणि मांस आकसते.

तपासणी: तंगडीचा सांधा सहज हलला, मांस हाडापासून सुटू लागले आणि जाड भागात सुरी टोचल्यावर येणारा रस लाल नसून स्वच्छ असला की झाले. स्वयंपाकाचा तापमापक असेल, तर मांसाच्या आत ७४ अंश मिळायला हवेत. यानंतर एक मिनिटही जास्त शिजवू नये. कुकर वापरू नये. एवढ्याशा पक्ष्याचे त्यात धागे होतात.

आच बंद करून दहा मिनिटे झाकून ठेवल्यावर तर्री वर येते. बरोबर ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा पुरे. बरगड्यांची हाडे सुईसारखी असतात, त्यामुळे लहान मुलांच्या ताटात मांस सोडवूनच वाढावे.

अंड्यांचे काम झटपट होते. उकळत्या पाण्यात ती चमच्याने अलगद सोडावीत, चार मिनिटांनी काढून गार पाण्यात टाकावीत आणि बोथट टोकाकडून सोलावीत, कारण आतला पडदा तिथेच सैल असतो. कोंबडीच्या एका अंड्याच्या जागी पाच धरावीत. वरच्याच वाटणात मांसाऐवजी वीस सोललेली अंडी घातली, तर रस्सा अर्ध्या वेळात होतो.

## टप्पा ९: दुसऱ्या खेपेआधी

पेटीतले तूस पूर्ण काढून टाकावे, पिंजरा साबणाने घासून उन्हात वाळवावा, चुन्याचा हात द्यावा आणि नवी पिल्ले ठेवायची ती जागा दोन आठवडे रिकामी ठेवावी. स्वतःच्याच पक्ष्यांची अंडी उबवायची असतील, तर मादी दहा आठवड्यांची झाल्यावर, नर आणि माद्या किमान चार-पाच दिवस एकत्र राहिल्यानंतर गोळा केलेली अंडी घ्यावीत. सुरुवातीची लहान अंडी खाण्यात वापरावीत. एकाच खेपेतले नर-मादी बहुधा भावंडे असतात आणि त्यांच्या अंड्यांतून निघणारी पिल्ले अशक्त होतात, म्हणून नर दुसऱ्या केंद्रातून आणावेत. आणलेला नर दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून निरोगी दिसला तरच माद्यांत सोडावा.